ग्रंथपालांचे व्यावसायिक इंग्रजी आणि ध्वनिचित्रफीत

ग्रंथपालांना इंग्रजी शिकवणे म्हणजे व्याकरणाची उजळणी करणे नव्हे. बारामती वा इंदापूर येथील महाविद्यालयीन ग्रंथपाल इंग्रजी वाचतातच. वर्गीकरणाच्या तक्त्यांपासून प्रकाशकांच्या सूचींपर्यंत त्यांच्या व्यवसायाचा मोठा भाग त्याच भाषेत चालतो. अडते ते बोलण्याच्या, तत्काळ प्रतिसाद देण्याच्या प्रसंगी. अशा अध्यापनास ध्वनिचित्रफीत निश्चितच उपकारक ठरते. तीत वाक्य एकटे येत नाही. बोलणारा, ऐकणारा, हातातील ग्रंथ आणि उभा राहिलेला पेच हे सारे त्याच्यासोबत येते. संवाद मध्येच थांबवून पुढील उत्तर शिकणाऱ्याकडून काढून घेता येते. ही सोय पाठ्यपुस्तकात नाही.

प्रश्न आहे तो चित्रफितीत दिसणारे ग्रंथालय कोणाचे, हा. अमेरिकेतील ग्रंथालयात पुस्तक ‘चेक आउट’ होते. आपल्याकडे ते ‘इश्यू’ होते. तेथील ‘पेट्रन’ हा येथे सभासद वा वर्गणीदार असतो. न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० साली वापरात आलेल्या ‘कोहा’ या ग्रंथालय-प्रणालीतही ‘पेट्रन’ व ‘चेक आउट’ हेच शब्द आहेत. तेव्हा ते शिकणे अटळच होय. परंतु केवळ परदेशी चित्रफितींवर विसंबल्यास ग्रंथपाल दुसऱ्याच्या खिडकीवरचे संवाद पाठ करतील आणि स्वतःच्या खिडकीपाशी मात्र अडखळतील.

एक उदाहरण पुरेसे ठरावे. बारामती-इंदापूर हा उसाचा प्रदेश. ‘उसावरील खोडकिडीची माहिती हवी’ अशी मागणी एखाद्या विद्यार्थ्याने केली आणि ग्रंथपालांनी शब्दशः भाषांतर करून ‘स्टेम बोअरर’ असा शोध घेतला, तर भातावरील किडीचे लेख पुढ्यात येऊ शकतात. उसाच्या संदर्भात रूढ संज्ञा ‘अर्ली शूट बोअरर’ अशी आहे. मराठी प्रश्न नेमका समजून घेणे, त्यास योग्य इंग्रजी संज्ञा शोधणे आणि हाती आलेले उत्तर पुन्हा मराठीत समजावणे, हीच येथील ग्रंथपालांची खरी व्यावसायिक भाषा. ती एका दिशेने चालत नाही. हा प्रसंग परदेशी चित्रफितीत सापडणार नाही.

या संदर्भात बडोद्याचे उदाहरण उद्बोधक आहे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि १९११ मध्ये तेथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. पद्धती परकीय होती. पण १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या नियतकालिकात इंग्रजीबरोबरच गुजराती व मराठीसही स्थान होते. निरक्षर ग्रामस्थांना चित्रे व चलच्चित्रे दाखवण्याची व्यवस्थाही त्या ग्रंथालय खात्याने केली होती. बाहेरचे ज्ञान घेताना त्यास स्वभाषेचा आणि चित्राचा आधार द्यावा लागतो, ही जाण तेथे होती.

स्थानिक चित्रफितींत उच्चार निर्दोष नसतील, चित्रीकरणही सफाईदार नसेल, असा आक्षेप संभवतो. तो अगदीच निराधार नाही. म्हणून परदेशी चित्रफिती श्रवणासाठी अवश्य वापराव्यात; संभाषणाचा सराव मात्र येथील देवघेव विभागात चित्रित केलेल्या लहान प्रसंगांवर व्हावा. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय किंवा इंदापूरचे महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी असे चित्रण करण्यास मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. आज साधा मोबाइलही त्यास पुरतो.

हे काम केवळ इंग्रजी विभागाचे मानणे ही मोठीच गफलत होईल. भाषा संचालनालयाने ग्रंथालयशास्त्राचा परिभाषा कोश सिद्ध केला. त्यातील संज्ञा बोलण्यात रुळवण्याचे कार्य कोशाच्या पानांवर होत नसते. ते मराठीच्या अध्यापकांनी अंगावर घ्यावयास हवे. ते न झाल्यास ग्रंथपालांचे इंग्रजी कदाचित सुधारेल, पण खिडकीपलीकडच्या वाचकाचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही.