रिकामी सदनिका, भरलेला करारनामा

बिबवेवाडी, मार्केट यार्ड, सॅलिसबरी पार्क या भागांत एका शयनगृहाची सदनिका भाड्याने देणारी श्रावक-कुटुंबे पुष्कळ आहेत. मुले परगावी किंवा परदेशी स्थिरावलेली, आई-वडील थोरल्या घरात, आणि निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली छोटी जागा भाड्याला. काही घरांत औषधपाण्याचा खर्च याच भाड्यावर चालतो. असे असूनही करारनाम्याच्या बाबतीत मात्र दलालाचा शब्द प्रमाण मानला जातो.

‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी पुरेशी आहे,’ हे वाक्य पुण्यात सर्रास ऐकू येते. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला 1908 च्या नोंदणी कायद्याने सूट दिली होती, तेथून ते आले. महाराष्ट्रात ते आता लागू पडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. त्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

खरा धोका मात्र दंडाचा नाही. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो. याउलट निवासासाठीचा लायसन्सचा लेखी करार हा त्यातील मजकुरापुरता निर्णायक पुरावा ठरतो. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो व दुप्पट दराने भरपाई मागता येते. एकट्या राहणाऱ्या वृद्ध श्राविकेच्या दृष्टीने हा फरक केवढा आहे, हे सांगावयास नको.

आणि खर्च किती? मासिक भाडे 15,000, अनामत 50,000, मुदत अकरा महिने. एकूण भाडे 1,65,000. त्यात अनामतीवरील दहा टक्के दराचे व्याज धरून 0.25 टक्के मुद्रांक शुल्क आकारले जाते. म्हणजे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. दलालीपुढे ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

पुण्यातील मालकांनी आणखी एक हिशेब आधीच करावा. स्वतः राहत असलेल्या घराला महापालिकेच्या मिळकतकरात 40 टक्क्यांची सवलत आहे. घर भाड्याने दिले की तिच्यावरील हक्क जातो. सोसायटीही बिनभोगवटा शुल्क घेते, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही.

आता शाकाहाराची अट. ती अनेकांना हवी असते, पण ती आडून सुचवली जाते आणि पुढे स्वयंपाकघरात डोकावण्याचे प्रकार घडतात. हे शोभणारे नाही. अट असेल तर बोलणीच्या पहिल्याच दिवशी सांगावी व करारात लिहावी. नंतर दार वाजवल्याशिवाय आत जाऊ नये. परवानगीचे मोल आपल्या परंपरेला नवे नाही. साधु-साध्वी उतरण्याच्या जागेसाठीही मालकाची अनुज्ञा घेतात, कारण अदत्त ते घ्यायचे नाही. आणि ज्याने जागा दिली त्या शय्यातराच्या घरची गोचरीही घेत नाहीत. देणाऱ्यावर दुहेरी भार पडू नये, इतका बारीक विचार त्यामागे दिसतो.

राहता राहिला ‘रिकामी’ या शब्दाचा अर्थ. पंखे, दिवे, गिझर, पडद्यांचे गज, ओट्याखालच्या ट्रॉल्या, यांपैकी काय जागेत राहणार आणि काय मालक काढून नेणार? अनामतीचे बहुतेक तंटे येथेच उगवतात, त्याखालोखाल रंगकामावरून. म्हणून वस्तूंची यादी करारास जोडावी, रंगाचा खर्च कोणाचा ते लिहावे आणि अनामत किल्ली परत मिळाल्यापासून किती दिवसांत द्यायची तेही ठरवावे. किल्ली देण्याच्या दिवशी वीजमीटरचे वाचन दोघांनी मिळून टिपावे, भिंतींची व नळांची छायाचित्रे काढावीत आणि यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.