घरचा फेस

शाळा सुटली की प्रभादेवीतील मुले थंड पेयांच्या दुकानाकडे धावतात. ३०० मिलिलीटर कोलामध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे! त्यातील वायू यंत्राने दाबून भरलेला असतो. तोच कार्बन डायऑक्साइड घरीही तयार होतो. किसलेले आले, साखर आणि पाणी बरणीत दोन-तीन दिवस ठेवा. आल्याच्या सालीवरचे यीस्ट साखर खाते व बुडबुडे येतात.

पण एक गोष्ट लपवू नये. यीस्ट वायूबरोबर थोडा मद्यार्कही बनवते. पहाटेची गोड नीरा उन्हात राहिली की तिची ताडी होते, ती याच कारणाने. म्हणून वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय हे पेय करू नये, असे मला वाटते.

त्यापेक्षा गाजराची कांजी करा. उत्तर भारतातून मुंबईत आलेल्या कित्येक घरांना ती माहीत आहे. गाजराचे तुकडे, मीठ, मोहरीची पूड, पाणी आणि तीन-चार दिवसांचे ऊन! तिच्यात मुख्यतः दह्यासारखा आंबटपणा आणणारे जीवाणू वाढतात. मद्यार्क फारच थोडा. फेस कमी येतो, पण मोहरीचा झणका नाकात गेला की कोला फिका वाटतो. झाकण मात्र घट्ट लावू नका. मुंबईच्या उकाड्यात वायू भराभर साठतो आणि काचेची बरणी फुटू शकते.