बांधावर टिकलेली नोकरी

शिकलेली प्रणाली बघता बघता जुनी होते, ही आयटीतल्या पोरांची तक्रार जालन्याला नवी नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाणे कंपनी काढली आणि बियाणे हाच या गावाचा तंत्रोद्योग झाला. २००२ साली बोंडअळीला रोखणारे जनुक घातलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळी संपली असे अनेकांनी गृहीत धरले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचीच बोंडे पोखरली. जनुकाचा गवगवा ओसरला, तरी संकरित बियाणे तयार करण्याचे काम थांबले नाही. आदल्या संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी परागकण लावायचे, खुणेचा दोरा बांधायचा. कोणी म्हणेल, हे करणारी बाई मजुरीवरच राहिली, पैसा प्रयोगशाळेकडे गेला. खरे आहे, आणि ते लाजिरवाणेही आहे. म्हणूनच नुसते हातचे कसब पुरेल, असे आम्ही म्हणत नाही. पण एकाच तंत्राला करिअर बांधून घेणारा त्या तंत्राबरोबरच बुडतो. पीक, कीड आणि शेतकरी ओळखणाऱ्याला पुढच्या वाणावरही काम मिळते. कंपन्यांनी नव्या पदवीधराला पहिला हंगाम बीजोत्पादनाच्या प्लॉटवरच पाठवावा, तोही पूर्ण पगारावर.