खेळयंत्रांची स्पर्धा आणि आपले घर

‘प्लेस्टेशन ५’ आणि ‘एक्सबॉक्स सीरिज एक्स’ ही प्रतिस्पर्धी खेळयंत्रे नोव्हेंबर २०२० मध्ये आली. हिंगोली, वसमत वा कळमनुरीच्या घरांत अशी महागडी यंत्रे क्वचितच दिसतात. म्हणून ही चढाओढ आपली नव्हे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिची दिशा बदलत आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ‘गेम पास’ ही वर्गणी योजना आणली. आता तिच्यातील अनेक खेळ दूरच्या संगणकावर चालतात आणि इंटरनेटद्वारे थेट मोबाईलवर दिसतात. यापुढची स्पर्धा यंत्राच्या विक्रीपेक्षा खेळणाऱ्याच्या वेळेसाठी अधिक असेल, आणि तो वेळ आपल्या मुलांचाही आहे.

दूरचित्रवाणीला जोडलेले यंत्र सर्वांच्या नजरेसमोर असते. मोबाईल अंथरुणापर्यंत पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, ‘गेमिंग विकारा’चा समावेश आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा त्यालाच प्राधान्य देणे आणि नुकसान होऊनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. निदानासाठी ती सामान्यतः १२ महिने दिसावी लागतात. त्यामुळे खेळणाऱ्या प्रत्येक मुलास रोगी समजू नये.

खेळाची वेळ मुलांशी बोलून आधीच ठरवावी. निजताना घरातील सर्वांचे, पालकांचेही, मोबाईल अंथरुणापासून दूर ठेवावेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मैदानी खेळ वा व्यायाम करावा. झोप, अभ्यास वा नाती बिघडू लागल्यास ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधावा.