ओट्याचा दगड पारखूनच घ्या

घराचं काम निघालं की टाइल्सच्या रंगावर आठवडाभर चर्चा चालते, पण ओट्याचा दगड दुकानात उभ्या उभ्या ठरतो. तळहाताएवढा नमुना समोर येतो, कुणीतरी ‘हा छान दिसेल’ म्हणतं आणि ॲडव्हान्स देऊन मंडळी मोकळी होतात. भिंतीचा रंग नाही आवडला तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो. ओटा बदलायचा म्हणजे सिंक, नळ, भिंतीच्या टाइल्स, खालच्या ट्रॉल्या असं सगळंच उचकटावं लागतं. म्हणून कळकळीची विनंती आहे: दगड नावावर आणि चकाकीवर घेऊ नका. घरात जे माणूस रोज त्या ओट्यापाशी उभं राहणार आहे, त्याने स्वतः जाऊन, हात लावून, पारखून तो निवडावा.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. नांदेडचा देगलूरकडचा भाग आणि पूर्व विदर्भ इथे ग्रॅनाइट सापडतो, पण बाजारातला बराचसा माल शेजारच्या राज्यांतून येतो. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमकुर्तीचा, टॅन ब्राऊन तेलंगणातल्या करीमनगरकडचा, लाल दगड कर्नाटकातल्या इलकलचा. राजस्थानातलं जालोर तर ग्रॅनाइटसाठीच ओळखलं जातं. काश्मीर व्हाइट मात्र काश्मीरचा नाही, तो तमिळनाडूतल्या मदुराईकडचा आहे. तेव्हा पाटीवरच्या नावावरून दगडाचा गुण कळत नाही.

गुण कळतो तो दगड कशाचा बनला आहे त्यावरून. खरा ग्रॅनाइट क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि थोडा अभ्रक यांचा असतो. कठीणपणाच्या १ ते १० या मापात हिरा १० वर, क्वार्ट्झ ७ वर आणि फेल्डस्पार ६ वर आहे. साधी स्टीलची सुरी साडेपाचच्या आसपास येते. त्यामुळे ओट्यावर थेट भाजी चिरली तर दगडाचं काही बिघडत नाही, सुरीची धार जाते. संगमरवर ज्या कॅल्साइटचा बनतो ते जेमतेम ३ वर, आणि लिंबू, चिंच, कोकम, ताक यांतलं आम्ल त्याला खातं. जुन्या घरांतला कडप्पाही चुनखडीचाच. त्यावर लिंबाची फोड तासभर राहिली की फिकट चट्टा पडतो आणि कितीही घासला तरी जात नाही. काळा ग्रॅनाइट म्हणून जे विकलं जातं ते शास्त्राच्या भाषेत बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतं. पण हे दगड घट्ट असतात, पाणी फारसं पीत नाहीत आणि आपल्या फोडणी-हळदीच्या स्वयंपाकाला उत्तम टिकतात. पांढरट, फिकट दगड देखणे दिसतात, पण त्यांतले बरेच जास्त शोषणारे असतात. ते घ्यायचेच असतील तर डाग सांभाळायची तयारी ठेवूनच घ्या.

आता पारख. गोडाऊनमध्ये गेलात की घोडीला टेकवलेल्या स्लॅबवर माणूस बादलीभर पाणी मारतो. ओला दगड कुठलाही चमकतो, आणि ओलेपणात बारीक चिरा लपतात. स्लॅब पुसून, वाळवून, दिवसाच्या उजेडात तिरप्या नजरेने बघा. नखाला अडकणारी रेघ असेल तर ती चीर समजा. पाठीमागची बाजूही बघा. तिथे जाळी चिकटवलेली असेल तर का लावली ते विचारा, कारण ठिसूळ स्लॅबला आधार म्हणून ती लावतात. टेप लावून जाडी मोजा. २० मिमी सांगून १६ मिमी माथी मारणारे आहेत.

मग त्याच स्लॅबचा एक तुकडा मागून घरी आणा. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटांनी पुसा. खाली काळपट ओल राहिली तर दगड पाणी पितो. दुसऱ्या कोपऱ्यात हळद घातलेलं तेल रात्रभर ठेवा, तिसऱ्यात लिंबाचा रस. सकाळी धुतल्यावर लिंबाच्या जागी चकाकी गेलेली दिसली तर तो दगड ओट्याचा नाही. काळा दगड असेल तर पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. फडकं काळं झालं तर रंग दगडाचा नाही, वरून चढवलेला आहे. या सगळ्याला एक पैसा लागत नाही, फक्त एक दिवस थांबावं लागतं. थांबा.

दगड चांगला निघाला तरी बसवण्यात फसला तर सगळं वाया जातं. २० मिमी जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण ५ किलो भरतो. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे शंभर किलोचा भार. खालचा आधार सपाट आणि सलग हवा. कुठे पोकळी राहिली तर एखाद्या दिवशी खलबत्त्याचा घाव किंवा नारळाचा आघात तिथेच बसतो आणि दगड दुभंगतो.

सगळ्यात नाजूक जागा शेगडीसाठी कापलेल्या चौकोनाची. पुढे-मागे दगडाच्या अरुंद पट्ट्या उरतात, सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. कारागीर घाईत असेल तर ग्राइंडरचं पातं कोपऱ्याच्या पुढे अर्धा इंच जातं. ती बारीक खाच शेगडी बसली की झाकली जाते, दिसत नाही, पण बहुतेक तडे तिथूनच निघतात. म्हणून कोपरे काटकोनात नकोत, थोडे गोलसर कापून घ्या, आणि शेगडी बसवायच्या आधी चारही कोपरे स्वतः वाकून बघा. ओट्याच्या पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे सांडलेलं पाणी ट्रॉलीच्या दारांवर न ओघळता तिथेच तुटून खाली पडतं.

उंचीबद्दल तर हट्टच धरा. मिस्त्री सवयीने सगळ्यांना एकच माप देतो. तुम्ही सरळ उभं राहून कोपर दुमडा. कोपरापासून चार-पाच इंच खाली ओट्याचा माथा यायला हवा. पाच फुटांच्या बाईला साधारण ३२-३३ इंच बरे पडतात, उंच माणसाला ३५-३६. कणीक मळणं, भाकरी थापणं ही जोराची कामं उंच ओट्यावर केली की खांदे भरून येतात, आणि बुटका ओटा कंबर मोडतो. हे माप आयुष्यभराचं आहे, ते दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका.

आणि एक गोष्ट कारागिरांसाठी. ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती श्वासातून फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. घरात कोरडं कटिंग होऊ देऊ नका. मोठी कापाकापी गोडाऊनमध्ये पाणी सोडून करून घ्या, घरी जे थोडं कापावं लागेल तेही पाणी मारत, खिडक्या उघड्या ठेवून. कारागिराला चांगला मास्क तुम्ही आणून द्या. आपला ओटा कुणाच्या छातीवर उभा राहू नये.

बसवून झाल्यावर निगा फार सोपी आहे. मऊ फडकं, भांड्यांच्या साबणाचं पाणी, मग साधं पाणी आणि कोरडं पुसणं, इतकंच. तारेची घासणी आणि खरखरीत पावडर नको, त्याने पॉलिश मंदावतं. बाथरूमचं ॲसिड तर ओट्याजवळही आणू नका. गंजाचे डाग काढणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं आणि ते ग्रॅनाइटलाही खातं. तेलाचा डाग मुरलाच तर खायचा सोडा पाण्यात दाट कालवून त्यावर थापा, प्लास्टिकने झाका, दुसऱ्या दिवशी पुसा. एकदा नाही गेला तर पुन्हा करा. बोअरचं पाणी असेल तर सिंकभोवती पांढरे क्षार साठतात. ते साठू न देता रोज रात्री तेवढी जागा कोरडी पुसा, यासारखा उपाय नाही. फिकट दगडाला सीलर लावून घ्या आणि पाण्याचे थेंब पुन्हा मुरायला लागले की परत लावा. घट्ट काळ्या दगडाला त्याची गरज सहसा पडत नाही, कुणी आग्रह केला तर आधी थेंबांची परीक्षा करा.

ग्रॅनाइट उष्णता सोसतो म्हणून गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवायची सवय लावू नका. एकाच जागी खूप तापलेल्या दगडावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, शेगडीजवळ तर नक्कीच धोका. लाकडी पाट किंवा जाळी हाताशी ठेवा. नारळ ओट्यावर आपटू नका, हातात धरून फोडा.

घराचं काम काढणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे: दुकानदाराला ‘उद्या सांगतो’ म्हणा, तुकडा घरी न्या, लिंबू-हळद-तेल लावून बघा, स्वतःच्या कोपराचं माप घ्या, आणि मगच पैसे मोजा.