स्पर्शाविना नाडीपरीक्षा

परळला केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीची सिस्टर किती खाटा सांभाळते, हे रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाला सांगावे लागत नाही. नाडीचा आकडा यंत्र देते. श्वासाचा वेग मोजायला मात्र मिनिटभर छातीकडे पाहत उभे राहावे लागते. म्हणूनच जगभरच्या वॉर्डांत ही सर्वांत दुर्लक्षित नोंद समजली जाते. आणि प्रकृती ढासळण्याची पहिली चाहूल अनेकदा तीच देते.

हे काम कॅमेरा करू शकतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतले रक्त वाढते. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे चेहऱ्यावरून परतणारा प्रकाश किंचित घटतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. खोलीतल्या नेहमीच्या उजेडात, साध्या डिजिटल कॅमेऱ्याने नाडी टिपता येते, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. छातीच्या हालचालीवरून श्वासही मोजता येतो. भाजलेले रुग्ण किंवा अपुऱ्या दिवसांची बाळे यांच्या नाजूक त्वचेवर चिकटपट्ट्या लावाव्या लागणार नसतील, तर या तंत्राचे स्वागतच हवे.

पण डोळे उघडे ठेवून. त्वचेतले मेलॅनिनही प्रकाश शोषते. त्यामुळे सावळ्या त्वचेवरून मिळणारा संकेत क्षीण होतो. त्यात अंधूक उजेड आणि रुग्णाची हालचाल यांची भर पडते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने हा धडा दिलाच आहे. रक्तातला ऑक्सिजन घातक पातळीपर्यंत उतरूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांत जवळपास तिप्पट आहे, असे २०२० मध्ये अमेरिकेत आढळले. ते यंत्र तोवर कित्येक वर्षे सर्रास वापरात होते.

यंत्र कसे आणावे, याचा धडा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने निरक्षर दाईंसाठी श्वास मोजण्याचे साधे उपकरण तयार केले. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ, दर दहा श्वासांना एक मणी. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की न्यूमोनियाची शंका घ्यायची. वापरणारी कोण आणि बाळ कोणाचे, हे आधी ठरले. यंत्र नंतर आले.

कॅमेऱ्यालाही हाच न्याय लावावा. सार्वजनिक रुग्णालयाने तो विकत घेण्याआधी आपल्याच वॉर्डात, आपल्याच उजेडात, गव्हाळ ते काळ्या अशा सर्व वर्णांच्या रुग्णांवर हाताने मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहावा आणि चूक किती निघाली ते जाहीर करावे. दुसरे, मनगट धरणारी सिस्टर निदान समोर दिसते; कॅमेरा न सांगताही नाडी वाचतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. तेव्हा चित्रण कुठे साठते, कोण पाहते आणि कधी पुसले जाते, हे खाटेजवळ मराठीत लिहिलेले असावे.

राहिली सिस्टरची गोष्ट. कॅमेऱ्याने वाचवलेले मिनिट तिने रुग्णाजवळ घालवावे. त्या मिनिटाच्या हिशेबावर तिची जागाच रद्द होणार असेल, तर असे यंत्र रुग्णाला महागच पडेल.