झडपेची किंमत

तान्ह्या बाळाचे डोके भराभर वाढू लागले, टाळू फुगून टणक झाली, बुबुळे खाली ओढल्यासारखी दिसू लागली, की ‘डोक्यात पाणी झालेय’ असे सांगितले जाते. पाणी डोक्यात असतेच. मोठ्या माणसाच्या मेंदूतील पोकळ्यांमध्ये केशवाहिन्यांची एक झालर दिवसाला सुमारे अर्धा लिटर द्रव पाझरवते. एका वेळी साठा मात्र जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे सगळा द्रव रोज तीन-चारदा नवा होतो. बाजूच्या दोन पोकळ्यांतून तो मधल्या तिसरीत, तिथून एका अरुंद बोळातून चौथीत, मग तिच्या छिद्रांतून बाहेर पडून मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरतो आणि अखेर रक्तात जिरतो. बोळ बुजला तरी झालर पाझरायची थांबत नाही. घोटाळा तिथेच.

मग शंट बसवतात: कातडीखालून पोटापर्यंत नळी आणि वाटेत दाब वाढला की उघडणारी झडप. आमचा आक्षेप या झडपेच्या बाजारभावाला आहे. ‘इम्पोर्टेड घालायचा का?’ हा प्रश्न आधीच हादरलेल्या बापाला विचारला, की तो काय ‘नको’ म्हणणार? घर गहाण टाकील, पण हो म्हणेल. वास्तविक उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला बनणाऱ्या छाब्रा शंटची परीक्षा युगांडात झालेली आहे. म्बाले येथे मेंदूशल्यविशारद बेंजामिन वॉर्फ यांनी 195 मुलांमध्ये तो आणि एक नामांकित परदेशी शंट यांची तुलना केली. तेव्हा छाब्राची किंमत 35 डॉलर होती, दुसऱ्याची 650. वर्षभरानंतरच्या निकालात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. 2005 साली हे छापून आले. बाहेरून दाब बदलता येणाऱ्या महाग झडपा काही रुग्णांना लागतात, हे मान्य. पण कोणाला आणि का, हे डॉक्टरांनी कारणासह सांगावे. किंमत हे कारण नव्हे.

शिवाय शंट कोणत्याही कंपनीचा असो, तो तुंबतो. लहान मुलांतले जवळपास निम्मे शंट पहिल्या दोन वर्षांतच बिघडतात. पैसा खरा तेव्हा लागतो: दुसऱ्या शस्त्रक्रियेला, गावाहून रातोरात गाडी करून येण्याला. तेव्हा घरी सोडताना कागदावर झडपेचे नाव आणि दाब लिहून द्यावा, आणि उलट्या किंवा गुंगी सुरू झाल्यास कुठे, किती तासांत पोहोचायचे हेही, मराठीत.